जुन्या पेट्रोल गाडीचे आयडलिंग खाली येत नसेल तर: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

इंजिन पूर्ण तापले आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आहे, तरीही इंजिनाचे आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचे नुसते फिरणे, दीड हजार आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली उतरत नाही, ही तक्रार जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये वारंवार आढळते. तिच्यावर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे थ्रॉटलचा स्क्रू फिरवून ‘स्लो’, म्हणजे आयडलिंग, कमी करणे. तो लागू पडला नाही की आधी सेन्सर, मग थ्रॉटल बॉडी आणि शेवटी थेट ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, बदलण्याची भाषा सुरू होते. माझ्या जुन्या गाडीसाठी मला हे सगळे सल्ले मिळाले. दोष अखेरीस सापडला तो इनटेक मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचावरच्या), वापरात नसलेल्या एका तोटीच्या रबरी टोपीत. उष्णतेने कडक होऊन ती तडकली होती. असा दोष शोधताना महागड्या उपकरणांपेक्षा तपासणीचा क्रम अधिक उपयोगी पडतो, म्हणून तो क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

लेखातील वर्णन मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो यांसारख्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज दोनचे नियम राजधानी दिल्लीच्या परिसरात २००० साली, मुंबईत २००१ साली आणि देशभर २००५ साली लागू झाले. त्याच सुमारास आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमधून कार्बोरेटर (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा भाग) जाऊन इंजेक्शन (ईसीएमच्या आदेशाने पेट्रोल फवारणारी पद्धत) आले. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. कार्बोरेटरसाठी पुढे स्वतंत्र पायरी आहे. डिझेल गाड्यांना यातील काहीही लागू करू नये, कारण तेथे वेग इंधनाच्या मात्रेवर ठरतो आणि दोषाचे स्वरूप पूर्णपणे वेगळे असते.

१. आधी तत्त्व समजून घ्या

पेट्रोल इंजिनाचा वेग मुख्यतः त्यात शिरणाऱ्या हवेवर ठरतो. ॲक्सिलरेटर दाबून आपण इंधन नव्हे, तर हवेची वाट उघडत असतो. इंधन त्या हवेच्या मागोमाग दिले जाते. म्हणून आयडलिंग वर असेल, तर जवळजवळ नेहमीच जादा हवा आत येत असते, आणि ती येण्याच्या वाटा तीनच आहेत. पहिली वाट थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे नळीतली गोल झडप, जी पूर्ण मिटत नसेल. दुसरी वाट बटरफ्लायला वळसा घालून जाणारी बायपासची नळी, जिच्यावर आयडल व्हॉल्व्हचे नियंत्रण असते. तिसरी वाट म्हणजे गळती: फाटलेली नळी, सुकलेले पॅकिंग, सैल क्लिप. पुढची सर्व तपासणी हवा यांपैकी कोणत्या वाटेने येते आहे, हे ठरवण्यासाठी आहे. ते ठरेपर्यंत कोणताही स्क्रू फिरवू नये आणि कोणताही भाग विकत आणू नये.

सेन्सरविषयीही एक गोष्ट येथेच सांगतो, कारण तिच्या अभावी बराच गोंधळ होतो. आपल्याकडच्या छोट्या इंजेक्शन गाड्यांपैकी बहुतेकांमध्ये हवेचे प्रमाण मॅनिफोल्डमधील दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरने काढले जाते. अशा गाडीत गळतीतून आलेली हवासुद्धा दाब वाढवते, ईसीएम तिच्या प्रमाणात इंधन वाढवतो आणि इंजिन अगदी सुरळीत, पण जास्त वेगाने फिरत राहते. ज्या गाड्यांमध्ये येणाऱ्या हवेचे वस्तुमान तोंडाशीच मोजले जाते, तेथे मागच्या गळतीतील हवेची नोंद होत नाही, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. त्यामुळे ‘इंजिन स्मूद चालते, म्हणजे एअर घेत नाही’ हा गॅरेजमध्ये ऐकू येणारा निष्कर्ष मॅप सेन्सरच्या गाडीत धरू नये.

२. कागदपत्रे आणि साहित्य जमवा

कागदपत्रांपैकी हे जवळ ठेवा:

- नोंदणी प्रमाणपत्र, ज्यावरून उत्पादनाचा महिना आणि वर्ष कळते. एकाच नावाच्या गाडीत मध्येच कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलेले असते, त्यामुळे सुटे भाग घेताना ही नोंद लागते
- मालकासाठीची पुस्तिका, आणि बॉनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांचा नकाशा असलेला स्टिकर शाबूत असेल तर त्याचा फोटो
- जुनी सर्व्हिस बिले
- पीयूसी प्रमाणपत्रे, शक्य असल्यास मागच्या दोन-तीन वेळांची

पीयूसीची पावती बहुतेक जण केवळ पोलिसांना दाखवण्यासाठी ठेवतात, पण तिच्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा या कामात फार मोलाचा आहे. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ७५० पीपीएम (दशलक्षात ७५० भाग) हायड्रोकार्बनची मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएमची. आयडलिंग वर आहे आणि कार्बन मोनॉक्साइडही पूर्वीपेक्षा बराच वाढला आहे, असे दिसले, तर इंजिन स्वतःला थंड समजून जादा इंधन घेत असावे, अशी शंका घ्यावी. आयडलिंग वर असूनही हा आकडा पूर्वीइतकाच असेल, तर गळतीची शक्यता अधिक.

साहित्य फारसे लागत नाही: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, साधा डिजिटल मल्टिमीटर, उजेडासाठी टॉर्च, पाणी फवारायची बाटली, थ्रॉटल बॉडी किंवा कार्बोरेटर क्लीनरचा डबा, हातभर लांबीची रबरी नळी, जाड रबराचा सपाट तुकडा आणि नळ्यांची तोंडे बंद करायला योग्य जाडीचे बोल्ट. प्लगच्या वायरवर गुंडाळून चालणारा छोटा टॅकोमीटर मिळाला तर अवश्य घ्यावा, कारण जुन्या छोट्या गाड्यांपैकी अनेकींच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटाच नसतो.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून उभी करा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून ओढणी, पदर, सैल बाह्या बेल्ट आणि पंख्यापासून दूर ठेवा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

३. ‘जास्त’ म्हणजे किती, ते मोजा

या गाड्यांचे गरम इंजिनाचे आयडलिंग सर्वसाधारणपणे ७५० ते ९५० आरपीएमच्या दरम्यान ठरवलेले असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्टिकरवर पाहावा. एसी लावल्यावर तो शे-दोनशेने वाढणे अपेक्षित आहे. थंड इंजिन सकाळी बाराशे ते पंधराशेवर फिरते, हा दोष नव्हे. कानाला सवय झालेली असते किंवा उगाच शंका आलेली असते, म्हणून केवळ आवाजावरून ठरवू नये.

टॅकोमीटर वापरताना त्याची सेटिंग तपासा. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणारा भाग) असलेल्या चार-स्ट्रोक इंजिनात एका प्लगला दोन फेऱ्यांमध्ये एकदा ठिणगी मिळते, तर काही कॉइलच्या रचनांमध्ये प्रत्येक फेरीत एकदा. सेटिंग चुकली, तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि नसलेला दोष शोधण्यात दिवस जातो.

मोजणी पाच परिस्थितींमध्ये करून वहीत लिहा: सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर, रेडिएटरचा पंखा एकदा चालून बंद झाल्यावर, एसी लावून आणि मग बंद करून, हेडलाइट लावून, आणि रेस देऊन सोडल्यावर. या नोंदींतून बरेच काही आधीच कळते. थंडपणी वेग बरोबर पण गरम झाल्यावरही तोच राहतो, तर कूलंटशी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाशी) संबंधित भाग किंवा चोक (थंड इंजिनासाठी मिश्रण दाट करणारी कार्बोरेटरमधील पट्टी) पाहावा लागेल. एसी बंद केल्यावरही वेग उतरत नसेल, तर एसीसाठी वेग वाढवणारा व्हॉल्व्ह अडकला असेल. रेस सोडल्यावर वेग वर लटकतो आणि पायाने पेडल वर उचलल्यावर उतरतो, तर केबल. वेग हजार ते अठराशेच्या दरम्यान लाटेसारखा वर-खाली होत राहतो, तर हवा बरीच जास्त येत आहे: पाय पेडलवर नसताना वेग ठरावीक मर्यादेपेक्षा वर गेला, की ईसीएम इंधन तोडतो, वेग पडतो, इंधन पुन्हा सुरू होते आणि हे चक्र चालू राहते. इंधनपंपावर संशय घेऊन तो बदलण्याचा खर्च अनेकांनी याच लक्षणापायी केलेला आहे.

४. केबल आणि बटरफ्लाय

इंजिन बंद असताना बॉनेट उघडून ॲक्सिलरेटरची केबल थ्रॉटलला जेथे जोडलेली असते, तेथे बोटाने दाबून पाहा. केबलला किंचित, काही मिलिमीटरची ढील हवी. ती ताठ असेल, तर बटरफ्लाय पूर्ण मिटणारच नाही. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे त्याला धरणारे रबरी आधार, खचले असतील, तरीही केबल ओढली जाते, हे लक्षात ठेवावे. पायाखालची जाड मॅट पेडलखाली अडकलेली नाही ना, तेही याच वेळी पाहा. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी ती धोक्याची आहे.

त्यानंतर एअर फिल्टरकडून येणारी मोठी नळी काढून बटरफ्लाय उघड-मीट करा. कडेला काळा, चिकट थर साचलेला असेल, तर झडप त्यावर अडकते. क्लीनर कापडावर घेऊन तो पुसून काढा. स्क्रू ड्रायव्हरने किंवा सँडपेपरने खरवडू नका, कारण काही थ्रॉटल बॉडींमध्ये झडपेभोवती कारखान्यातच दिलेला बारीक लेप असतो आणि तो गेला की हवा कायमची निसटत राहते.

झडपेच्या थांब्याचा स्क्रू येथेच असतो. त्याच्यावरचा रंगाचा ठिपका तुटलेला असेल किंवा डोक्यावर पान्याच्या खुणा असतील, तर कोणीतरी तो फिरवलेला आहे, हे समजावे. त्याची आताची स्थिती मार्करने खूण करून ठेवा आणि त्याला तूर्त तसेच राहू द्या. इंजेक्शनच्या गाडीत हा स्क्रू आयडलिंग ठरवण्यासाठी दिलेला नसून झडप नळीत रुतू नये यासाठी असतो. तो फिरवला की झडप किती उघडी आहे ते ईसीएमला सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्यबिंदू सरकतो, ईसीएमला पाय पेडलवर आहे असे वाटते आणि तो आयडलिंगचे नियंत्रणच सोडून देतो. मूळ दोष तसाच राहतो आणि वर दुसरा तयार होतो.

५. कूलंट, थर्मोस्टॅट आणि तापमानाचा सेन्सर

ही पायरी बहुतेक जण वगळतात, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. थंड इंजिनाला जादा हवा आणि जादा इंधन देणे हे ईसीएमचे कामच आहे. इंजिन तापल्याची खबर त्याला पोहोचली नाही, तर तो ते दिवसभर देत राहील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहा. केवळ प्लॅस्टिकच्या टाकीतली पातळी पाहून थांबू नका. कूलंट कमी असेल किंवा वरच्या भागात हवा अडकली असेल, तर सेन्सर द्रवाऐवजी हवेच्या पोकळीत राहतो आणि कमी तापमान सांगतो. काही गाड्यांच्या थ्रॉटल बॉडीमध्ये मेणाचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्याभोवती गरम कूलंट फिरले की मेण प्रसरण पावते आणि बायपासची वाट बंद होते. तेथे गरम कूलंट पोहोचलेच नाही, तर ती वाट उघडीच राहते. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी घातलेल्या गाडीत गंज आणि क्षार साचून थ्रॉटल बॉडीच्या बारीक नळ्या हमखास तुंबतात. इंजिन तापल्यावर या दोन नळ्यांना सावधपणे हात लावून पाहा. एक गरम आणि दुसरी कोमट लागली, तर मार्ग तुंबलेला आहे.

आपल्याकडे ‘गाडी गरम होते’ या तक्रारीवर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात केलेला हा उपाय पुढे कोणाच्या लक्षातही राहत नाही आणि गाडी दुसऱ्या मालकाकडे गेलेली असते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः पावसाळ्यात आणि महामार्गावर, नीट तापतच नाही. ते ओळखण्यासाठी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल, तर ती नळी बराच वेळ थंड राहून मग झपाट्याने गरम होते. तो साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडतो. नळी सुरुवातीपासून हळूहळू गरम होत गेली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही.

आता सेन्सर. डॅशबोर्डचा तापमानाचा काटा मध्यावर आहे, एवढ्यावरून सेन्सर चांगला ठरत नाही, कारण अनेक गाड्यांमध्ये काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा असतो. इग्निशन बंद करून ईसीएमच्या सेन्सरचे कनेक्टर काढा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध (रेझिस्टन्स) मोजा. या जातीच्या सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो: २० अंशांना साधारण दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. गरम इंजिनावरही हजार ओहमच्या वर रोध दिसत असेल, तर सेन्सर बदला. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील, तर आधी त्या साफ करून पुन्हा मोजा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्यांमध्ये हे फार आढळते.

६. हवेची वाट वेगळी काढणारी चाचणी

इथपर्यंत काही सापडले नाही, तर आता संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी चाचणी करा. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टरकडील नळी काढा आणि इंजिन चालू ठेवा. मॅप सेन्सरच्या गाडीत नळी काढूनही इंजिन चालते. बटरफ्लायच्या अलीकडे, नळीच्या भिंतीत, बायपासचे भोक दिसेल. ते बोटाने बंद करा. काही गाड्यांमध्ये बायपासची हवा फिल्टरकडून वेगळ्या नळीने येते. तेथे ती नळी दाबावी.

भोक बंद करताच वेग लक्षणीय पडला किंवा इंजिन बंद पडले, तर जादा हवा बायपासमधून येत आहे. सातव्या पायरीकडे जा. काहीच फरक पडला नाही, तर रबराचा सपाट तुकडा थ्रॉटलच्या तोंडावर ठेवून ते पूर्ण झाका. तळहात वापरू नका. ओढ चांगलीच जोरदार असते. त्याच वेळी क्रँककेसकडून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भागातून, वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारी पीसीव्हीची नळी दाबून धरण्यासाठी मदतीला कोणी असू द्या, कारण ती वाट मोकळी राहिली तर निष्कर्ष फसवा निघतो. तोंड झाकल्यावर इंजिन लगेच बंद पडले, तर गळती नाही. बटरफ्लाय नीट मिटत नाही. तोंड झाकूनही इंजिन फिरत राहिले, तर मागे कोठेतरी गळती आहे. आठव्या पायरीकडे जा.

काही जण व्हॅक्यूम गेज लावतात. निरोगी इंजिन समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो, त्यामुळे पुण्यात मुंबईपेक्षा जवळजवळ दोन इंच कमी दिसणे साहजिक आहे. इंजिनाच्या एकूण प्रकृतीसाठी गेज चांगले. पण हवा कोणत्या वाटेने येते ते त्यावरून कळत नाही, म्हणून या कामात मी त्यावर फार विसंबत नाही.

७. आयडल व्हॉल्व्ह

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून व्हॉल्व्ह सोडवा. टोक आणि भोके क्लीनरने धुऊन काजळी काढा, पण टोकाची सुई हाताने दाबू किंवा ओढू नका. स्टेपर मोटरच्या व्हॉल्व्हमधील बारीक आटे त्यामुळे तुटतात. बसवताना नवीन पॅकिंग किंवा ओ-रिंग घाला. एसीसाठी वेग वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची नळी काढून बोल्टने बंद करून पाहा. वेग उतरला आणि एसी बंदच असेल, तर तो व्हॉल्व्ह उघडा अडकलेला आहे.

साफसफाईनंतर थोडा काळ वेग पूर्वीपेक्षाही जास्त राहू शकतो. काजळीने अरुंद झालेल्या वाटेला अनुसरून ईसीएमने व्हॉल्व्ह किती उघडायचा ते शिकून ठेवलेले असते. वाट मोकळी झाली की ते त्याला पुन्हा शिकावे लागते. सर्व विजेचा भार बंद ठेवून गरम इंजिन काही मिनिटे आयडलिंगवर चालू द्या, मग एसी लावून पुन्हा काही मिनिटे, आणि एक-दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. तेवढ्यात घाबरून स्क्रू फिरवू नका.

व्हॉल्व्ह स्वच्छ असूनही उघडाच राहत असेल, तर ईसीएम त्याला तसा आदेश का देत आहे ते पाहा. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा सिग्नल झडप मिटलेली असताना साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा आणि पेडल दाबताना उडी न घेता सलग वाढावा. अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान चार्जिंग देत आहे का, तेही मोजा. व्होल्टेज कमी असेल तर काही गाड्यांत ईसीएम वेग वाढवून ते भरून काढतो. निदानाचे कोड वाचायचे असतील, तर हे लक्षात घ्या, की आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे दोष स्वतः नोंदवणाऱ्या प्रमाणित निदान प्रणालीची, सक्ती भारत स्टेज चारच्या गाड्यांना, २०१० पासून टप्प्याटप्प्याने झाली. त्यापूर्वीच्या गाडीला बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जोडला आणि तो काहीच वाचू शकला नाही, तर ईसीएम बिघडला असे समजू नये. सुझुकीच्या त्या काळातील गाड्यांमध्ये निदानाच्या कनेक्टरमधील ठरावीक टर्मिनल तारेने जोडल्यावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, आणि तेथे १२ या कोडचा अर्थ दोष नाही असा होतो. टर्मिनल कोणते, हे आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप पुस्तिकेत पाहिल्याशिवाय तार लावू नका.

८. गळतीचा शोध

सुरुवात ब्रेक बूस्टरच्या जाड नळीपासून करा, कारण येथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते जात नसेल, किंवा पेडल दाबताना फुसफुस ऐकू येऊन आयडलिंग बदलत असेल, तर बूस्टर किंवा त्याची नळी गळते आहे. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत रस्त्यावर नेऊ नये.

त्यानंतर मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक नळी एकेक करून काढा, तोटी बोल्ट किंवा टोपीने बंद करा आणि वेगात काय फरक पडतो ते पाहा. नळी पक्कडीने चिमटून पाहण्याची पद्धत सोपी असली, तरी वीस वर्षांचे रबर चिमटल्याने जागीच तडकते आणि नवी गळती तयार होते. पीसीव्ही, पेट्रोलच्या टाकीतील वाफ आणणारा पर्ज व्हॉल्व्ह, मॅप सेन्सरची बारीक नळी, पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरची नळी आणि वापरात नसलेल्या तोट्यांच्या टोप्या, या सर्वांना वळवून, वाकवून, मागच्या बाजूने पाहा. तडा बहुतेक वेळा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतो.

नळ्या ठीक असतील, तर पॅकिंगकडे वळा: थ्रॉटल बॉडीचे, मॅनिफोल्ड आणि हेडमधले, तसेच इंजेक्टरच्या बुडाच्या ओ-रिंग. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे या जोडांवरून फिरवले, तर हवा शिरण्याचा आवाज स्पष्ट येतो. मग बाटलीने पाण्याचा बारीक फवारा प्रत्येक जोडावर थोडाथोडा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी टाळून. गळतीच्या जागी पाणी पडताच आवाज किंवा वेग क्षणभर बदलतो. क्लीनरच्या फवाऱ्याने हा बदल अधिक ठळक कळतो, पण तो अतिशय ज्वलनशील आहे. गरम एक्झॉस्टजवळ आणि ठिणग्या बाहेर पडणाऱ्या प्लगवायरीजवळ तो कधीही मारू नये, आणि मारताना अग्निशामक हाताशी असावा. घरगुती गॅसच्या सिलिंडरची नळी आणून गळती शोधण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे. तो कोणत्याही परिस्थितीत करू नका. एवढे करून गळती मिळाली नाही, तर धूर सोडून तपासणी करण्याचे यंत्र असलेले गॅरेज शोधा. त्या तपासणीचा खर्च एका चुकीच्या सेन्सरच्या किमतीपेक्षा कमी पडतो.

९. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर

मुंबई-पुण्यातील जुन्या गाड्यांपैकी पुष्कळांना कधी ना कधी किट बसलेले असते. किट बसवताना मॅनिफोल्डच्या नळ्यांना टी-जोड दिलेले असतात, आणि किट काढल्यावर ते तसेच, कधी स्क्रू कोंबून तर कधी टेप गुंडाळून, सोडून दिलेले आढळतात. किटच्या गाडीत आठव्या पायरीची सुरुवात याच जोडांपासून करावी. गॅससाठी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे घेतलेले असेल आणि गाडी आता पेट्रोलवर चालत असेल, तर त्यामुळेही आयडलिंग वाढते. टायमिंग लाइटने ते पुस्तिकेतल्या आकड्यावर आणून घ्या. आयडलिंग केवळ गॅसवर वर राहते आणि पेट्रोलवर बरोबर उतरते, असे असेल, तर दोष किटच्या जुळणीत आहे आणि तो किटच्या जाणकारानेच पाहावा.

१०. कार्बोरेटरच्या गाडीसाठी

येथे सर्वांत आधी चोक पाहा. गरम इंजिनावर एअर फिल्टर काढून चोकची पट्टी पूर्ण उभी, म्हणजे उघडी, आहे का ते तपासा. हाताने ओढायचा चोक असेल, तर डॅशवरची मूठ आत गेली तरी केबल गंजल्यामुळे पट्टी अर्धवट राहते, आणि तिच्याशी जोडलेला कॅम थ्रॉटलला उघडे धरून ठेवतो. त्यानंतर कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर तडकलेला आहे का, आणि थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोके झिजून ढिली झाली आहेत का, ते पाण्याच्या फवाऱ्याने पाहा. दांडा झिजलेला असेल, तर आयडलिंग प्रत्येक वेळी वेगळ्या जागी स्थिरावते आणि कितीही जुळणी केली तरी टिकत नाही. अशा वेळी बुश घालून घेणे किंवा कार्बोरेटर बदलणे, हेच पर्याय राहतात. एसीसाठी वेग वाढवणारा डायफ्रॅम परत मागे येतो का, तेही पाहा.

हे सर्व ठीक असेल, तरच स्क्रूला हात लावा. इंजिन गरम, एसी बंद, एअर फिल्टर जागेवर, अशा स्थितीत आधी मिश्रणाचा स्क्रू वेग सर्वांत स्थिर होईल तेथे आणा, मग वेगाचा स्क्रू पुस्तिकेतील आकड्यावर आणा, आणि हे दोन्ही आलटून-पालटून एक-दोनदा करा. शेवटी पीयूसी केंद्रात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहून मिश्रण निश्चित करून घ्या.

११. गॅरेजमध्ये काय सांगावे

काम मेकॅनिककडे द्यायचे ठरले, तर ‘स्लो जास्त आहे, कमी करा’ असे सांगू नका. त्या सूचनेचे उत्तर स्क्रू फिरवूनच मिळते. वहीतल्या पाच नोंदी दाखवा, सहाव्या पायरीचा निष्कर्ष सांगा आणि थांब्याच्या स्क्रूवरची मार्करची खूण दाखवून तो न फिरवण्याची विनंती करा. भाग बदलायचा असेल, तर तो का बदलत आहेत, कोणत्या मोजणीवरून ठरवले, हे आदराने विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने नाराज होत नाही, उलट त्याला काम सोपे जाते. काढलेला जुना भाग परत मागून घ्या, कारण तो चांगला निघाला तर पुन्हा वापरता येतो. जुन्या मॉडेलचे मूळ बनावटीचे भाग दिवसेंदिवस मिळेनासे होत आहेत.

१२. दुरुस्तीनंतरची तपासणी

आधी स्क्रू फिरवलेला होता, असे चौथ्या पायरीत आढळले असेल, तर गळती बंद झाल्यावर आता तो मूळ जागी आणावा लागेल. झडप पूर्ण मिटलेल्या स्थितीत थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा सिग्नल पुस्तिकेतील आकड्याशी जुळवून मगच त्यावर रंगाचा ठिपका द्या.

पाचही परिस्थितींमध्ये वेग पुन्हा मोजा आणि आधीच्या नोंदींशेजारी लिहा. गरम इंजिनाचा आकडा पुस्तिकेतील मर्यादेत आला, एसी लावल्यावर वाढून बंद केल्यावर परत उतरला आणि रेस सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत स्थिरावला, तर काम पूर्ण झाले. नवीन नळ्या आणि क्लिप काही आठवडे इंजिनाच्या उष्णतेत राहिल्यावर थोड्या बसतात, म्हणून त्या एकदा पुन्हा आवळून घ्या. नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होत आली असतील, तर नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी नेण्याआधी नवी पीयूसी काढा आणि तिच्यावरचा आकडा जुन्या पावत्यांशी ताडून पाहा.